आपले उपग्रह, बाबांचं खडप

५ जानेवारी, सोमवार

पुन्हा खंड! पाचही बोटींवर!

खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आत विश्वजीत सरांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मोरा बंदरातल्या पाच मासेमारी बोटींवर आम्ही चाचणीसाठी पेट्या बसवल्यात. पेटीनं आकाशातल्या उपग्रहांवरून आपलं ठिकाण ओळखायचं आणि थोड्या थोड्या वेळानं किनाऱ्यावर कळवायचं. पाचही जणी बंदरातून निघतात, व्यवस्थित बोलतात, आणि मध्येच मुक्या होतात. तास-तास, दोन-दोन तास. मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू! वादळ नाही, ढग नाही. जानेवारीचं लख्ख आकाश.

सर ओरडत नाहीत, हाच त्यांचा त्रास आहे. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. शांतपणे विचारलं – गेल्या वर्षी आपण त्या ट्रॉलरवर जीपीएसचं बाहेरून आणलेलं मॉड्यूल लावलं होतं, ते एकदा तरी बंद पडलं होतं का? नव्हतं पडलं. मग हे का पडतंय, किशोरी?

मला काय माहीत का पडतंय! माहीत असतं तर इथे लिहीत बसले असते?

तीन वर्षं या रिसीव्हरवर काम करतेय. तो फक्त आपल्या देशाच्या उपग्रहांचं ऐकतो. जीपीएस मुद्दाम बंद ठेवलंय, कारण सिद्ध करायचंय ते हेच, की आपल्यावर भागतं. महिनाअखेरीला संचालकांची बैठक आहे. आपला रिसीव्हर पुढे न्यायचा, की गाशा गुंडाळून परदेशी मॉड्यूल विकत आणून त्यावर आपलं लेबल लावायचं, ते तिथे ठरणार. आणि पाचातली एक बोट माझ्या बाबांची. घरचीच बोट घेतली म्हणून तेव्हा किती फुशारले होते मी.

७ जानेवारी, बुधवार

सरांचं म्हणणं एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

अमेरिकेची यंत्रणा आहे. रशियाची आहे, युरोपची आहे, चीनची आहे. हातातला फोन या चौघांचंही ऐकतो आणि बिल कोणी पाठवत नाही. मग पाचवी कशाला? त्यात आपले उपग्रह मोजके. काहींची घड्याळं वर गेल्यावर बंद पडली, ते सगळं पेपरात आलेलं आहे. "हौस म्हणून ठीक आहे," सर म्हणाले, "पण हौसेवर कंपनी चालत नाही."

मी म्हटलं, शेजाऱ्याच्या नळाला पाइप लावून आपण पाणी भरतोय. शेजारी चांगला आहे, मान्य. पण तोटी त्याच्या अंगणात आहे.

सर म्हणाले, आजवर त्यानं बंद केलीय का?

मग मी कारगिलचं काढलं. ती गोष्ट सगळेच सांगतात, आपण नकाशे मागितले आणि त्यांनी दिले नाहीत. त्यात खरं किती नि मीठमसाला किती, मलाही माहीत नाही, आणि सरांनी नेमकं तेच विचारलं. वाद घालताना मला राग आधी येतो आणि मुद्दा जिन्यात सुचतो. आजचा मुद्दा कळंबोलीच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये सुचला, बस हलत नव्हती तेव्हा – संकटात सापडलेल्या बोटीचा निरोप किनाऱ्यापर्यंत आणायचा कसा, हे ठरवायचा हक्क आपल्या हातात हवा की नको? उद्या सांगीन. उद्या तो इतका चांगला वाटणार नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

खंड का पडतो याच्या थिअऱ्या. एक, बंदरातल्या क्रेन सिग्नल उडवतात. दोन, नौदलाचं काही तरी. तीन, खारं पाणी अँटेनात जातं. क्रेनची माझी. सरांनी सुतासारखी सरळ केली – बोटी बंदरापासून लांब गेल्यावर खंड पडतो, बंदरात नाही.

आज चौथी सापडली आणि तीच सगळ्यांना पटली. पेटीत तापमान मोजायची सोय आहे. खंडाच्या वेळेला पेटी तापते! पाचही बोटींवर! म्हणजे आपलं सर्किट उन्हात तापतं आणि बसतं. म्हणजे दोष माझ्या डिझाइनचा. सरांना वाईट वाटलं, ते दिसलं. मला चहा पाजला.

मी चहा प्यायले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

११ जानेवारी, रविवार

मोऱ्याला जाऊन आले. न्हाव्याच्या रस्त्यानं कंटेनरच्या ट्रेलरमधून माझ्या नवऱ्यानं, प्रितमनं, स्कूटर कशी काढली त्याला माहीत. तो सासऱ्यांबरोबर चहा घेऊन करंजाला त्याच्या गावच्या घरी गेला, मी बोटीवर चढले. धक्क्याला लागलेल्या बोटीवर पोरगी चढलेली बाबांना आता चालते. समुद्रात नाही.

केबिनच्या टपावरची पेटी खोलली. जोड घट्ट, आत मीठ नाही, वायर शाबूत. काही म्हणजे काही नाही! बाबा शेजारी उभे राहून मला पान्हे देत होते. इतके मदतीचे ते कधीच नसतात. प्रणित, माझा धाकटा भाऊ, तोही पुढून मागून घुटमळत होता. जगनकाका त्यांच्या बोटीवरून विचारत होते, सापडलं काय बाय? त्यांच्याही बोटीवर आमची पेटी आहे.

जगनकाका आणि बाबा लहानपणापासूनचे दोस्त. दुपारी एका ताटात जेवतील, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात रात्रभर नाचतील. पण जगनकाकांचं खडप कुठे आहे ते बाबांना ठाऊक नाही आणि बाबांचं जगनकाकांना नाही. खडप म्हणजे समुद्राखालचा खडक. त्याच्या अवतीभवती घोळ, तांबोशी असले मोठे मासे राहतात. गळानं मासे धरणाऱ्या प्रत्येक तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचं, आपलं एखादं असतं. बापानं दाखवलेलं. तो ते मुलाला दाखवतो, मुलीला नाही, कारण मुलगी दुसऱ्याच्या घरी जाते आणि त्या घरातही बोट असते. प्रणितला मिसरूड फुटायच्या आत दाखवलं. मी इंजिनिअर झाले तरी मला नाही.

पूर्वी बाबा डोंगरांच्या खुणा धरून जायचे. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला तेव्हा ते आठवडाभर चिडलेले होते. एक खूण गेली, एवढंच कळू दिलं. आता प्रणितच्या जुन्या जीपीएसच्या डब्यावर चालतं. मी आज चिडवलं – म्हणजे काशिराम तांडेल अमेरिकेच्या भरवशावर! हसले. म्हणाले, अमेरिका कुनाला सांगत नाय.

तेव्हा मी पण हसले.

१३ जानेवारी, मंगळवार

आईचा फोन. उद्या संक्रांत, प्रणितच्या सासरचे जेवायला येणार आणि तिचा मोठा ॲल्युमिनियमचा टोप बाबांनी बोटीवर नेलाय. कधीचा नेलाय, परत आणत नाहीत. "भात काय तुझे बापाचे टोपीन शिजवू?" बोटीवर कसला एवढा भात शिजतो ते तिलाही कळत नाही. मी म्हटलं, माझा कुकर पाठवते. कुकरला नाक मुरडलं तिनं.

कामात काही हललं नाही. तापणारी पेटी, तापणारं डोकं.

१५ जानेवारी, गुरुवार

टोप!!

आज बसमध्ये, खांदेश्वरच्या सिग्नलला. समोरच्या बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि त्यावर ऊन पडलेलं. मी इतक्या जोरात "टोप" म्हणाले की ती बाई डबा घेऊन सरकून बसली.

पेटी तापते म्हणून गप्प होत नाही. पेटी झाकली म्हणून गप्प होते, आणि झाकली म्हणून तापते! सगळे उपग्रह एकदम गायब आणि एकदम हजर – हे मी पंधरवडाभर बघतेय. एखादा सिग्नल क्षीण झाला असता तर एकेक उपग्रह गळाला असता. असे सगळे एकदम जातात ते वर धातूचं झाकण बसल्यावर. याच साध्या गोष्टीवर मी इंटर्नना लेक्चर देते!

प्रणितला फोन लावला. आधी हसला. मग म्हणाला, "ताई, सगलेच झाकतात. जगनकाका घमेला ठेवतो. बाबाला बोलू नको मी सांगितला म्हनून." खडप जवळ आलं की झाकायचं, मासेमारी उरकून लांब आलं की काढायचं. पाच जणांनी एकमेकांना न विचारता तेच केलंय. एकानं तर म्हणे जुन्या फ्रिजचा पत्रा कापून नीट झाकण बेतलंय.

इतका आनंद झाला की दिवसभर खुर्चीत बसवेना. माझं डिझाइन चांगलं आहे! आपले उपग्रह चांगले आहेत! तिथे बसलेत ते बिचारे हजारो मैल वर, आणि खाली आईचा टोप.

पण सरांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? जिभेवर आलं होतं. आधी बाबांशी बोलायला हवं असं वाटलं.

१७ जानेवारी, शनिवार

बाबांशी बोलले. धक्क्यावर ते गळाच्या दोऱ्या सोडवत बसले होते. मी घुमवून-फिरवून विचारणार होते पण मला ते जमत नाही. सरळ विचारलं, पेटीवर टोप कशाला ठेवता?

नाकारलं नाही. दोरीवरून नजरही काढली नाही.

मी सगळं सांगितलं. तीन वर्षं, बैठक, परदेशी मॉड्यूल. म्हटलं, बाबा, ती यंत्रणा आपली आहे. आपल्या लोकांनी बांधलेली. दुसऱ्याच्या उपग्रहावर तुमचा जीव टांगलेला मला नको. तर त्यांनी जे सांगितलं ते मी येताना स्कूटरवर मनात घोळवत आणलंय, जसंच्या तसं लिहिते.

"बाय, परक्याला मोरा कुठं हाय तेच ठावं नाय. त्याला माझा खडप कलला तरी तो काय गल घेऊन येनार नाय. आपल्याला ठावं हाय. म्हनून भीती आपल्यांचीच."

मी म्हटलं, आणि समुद्रात काही झालं तर? टोपाखाली असताना? कोणाला कळणार तुम्ही कुठे आहात?

"प्रणितला ठावं हाय."

प्रणित तुमच्याच बोटीवर असतो, बाबा.

ते दोरी सोडवत राहिले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच वेळी हेही वाटलं, की यांचं बरोबर आहे. सरांच्या चार यंत्रणा आणि पाचवी कशाला या वादात हा मुद्दा कोणी काढला नव्हता. आपली यंत्रणा म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्यांची यंत्रणा. मग ती बांधायची का? मला अजूनही हो म्हणायचंय. पण आता ते हो पूर्वीसारखं सोपं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

नको ते बघितलं.

घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून पाचही बोटींचे मार्ग एकावर एक टाकले. रोज कुठे गप्प होतात, कुठे बोलायला लागतात. रोजचे ठिपके जमले तसतसं मधे पांढरं उरत गेलं. पाच पांढरी भोकं. प्रत्येक बोटीचं आपलं, रोज तिथेच. झाकलं नसतं तर ते बाकीच्या मार्गात मिसळून गेलं असतं. झाकल्यामुळेच दिसतंय!

सगळ्यात किनाऱ्याजवळचं भोक बाबांचं. आजोबांनी त्यांना दाखवलेलं, त्यांनी प्रणितला दाखवलेलं. मला कोणी दाखवलं नाही आणि मी बघत बसले होते. चोरी करतेय असं वाटत होतं आणि डोळे काढवत नव्हते. जगनकाकांचंही दिसत होतं, बाहेर खोल पाण्यात.

प्रितम चहा घेऊन आला. मी लॅपटॉप फाटकन बंद केला. त्याचा भाऊ करंजाहून गळाची बोट घेऊन जातो. प्रितम स्वतः बँकेत, त्याला समुद्र लागतो. कप ठेवला आणि म्हणाला, "मी काय विचारलं का?" आणि टीव्ही लावला. रात्री जेवताना दोघंही जरा जास्तच गोड बोलत होतो.

बाबांची रीत मला कायम मागासलेली वाटत आली. आज मीच पाळली.

२१ जानेवारी, बुधवार

सरांना सांगितलं – झाकतात. खडप लपवायला.

ते खुर्चीत मागे रेलले आणि मनापासून हसले. मग म्हणाले, पुरावा? तापमान वाढणं दोन्हीकडून लागू पडतं – झाकल्यानं तापलं किंवा तापल्यानं बंद पडलं. संचालक म्हणतील, पोरीचं प्रॉडक्ट आहे, वडिलांवर ढकलतेय.

पुरावा एकच आहे आणि आम्हा दोघांना तो लगेच कळला. सर्किट तापून बसत असतं तर कुठेही बसलं असतं. रोज एकाच जागी बसतं, प्रत्येक बोटीचं वेगळ्या जागी, म्हणजे माणूस झाकतोय. जागा दाखवली तरच सिद्ध होतं.

मी म्हटलं, विचार करते. सर म्हणाले, जरूर कर, पण बैठक तुझ्यासाठी थांबणार नाही.

२२ जानेवारी

दोन वाटा. गप्प बसायचं – मग माझा रिसीव्हर निकामी ठरतो, बाहेरचं मॉड्यूल येतं, बाबांचं खडप शाबूत. किंवा दाखवायचं.

तिसरी वाट शोधतेय.

२४ जानेवारी, शनिवार

सापडली बहुतेक. चित्र दाखवायचं, पण आकडे काढून. अक्षांश नाहीत, रेखांश नाहीत, अंतराची पट्टी नाही. बोटींची नावं काढून अ, ब, क, ड, इ. पाच रंगांच्या रेघा, मधे पाच पांढरी भोकं, बाजूला किनाऱ्याची फिकट रेघ – नाहीतर संचालकांना समुद्र कुठला आणि जमीन कुठली तेच कळायचं नाही. सगळे आपलेच लोक आहेत, चित्र पडद्यावर मिनिटभर राहील. कोणाला काय समजणार?

आणि शेवटच्या स्लाइडवर माझी सूचना. पेटीला बटण द्या. एरवी ठिकाण पेटीतच राहील, तांडेलानं लाल बटण दाबलं तरच किनाऱ्यावर येईल. मग कोणी झाकणार नाही. बाबांच्या मुद्द्याचं उत्तर हेच आहे. हे सुचल्यावर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. प्रितम म्हणाला, फरशी झिजेल.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. सोसायटीत झेंडावंदन, जिलेबी. चेअरमननी भाषणात आत्मनिर्भर शब्द इतक्या वेळा घेतला की मला माझ्याच प्रेझेंटेशनची लाज वाटायला लागली. दुपारी गच्चीवर गेले. नव्या विमानतळावर विमानं उतरताना दिसतात आता. कर्नाळ्याचा सुळका धुरकट. खाली आले, स्लाइड पुन्हा उघडली, किनाऱ्याची रेघ आणखी फिकी केली.

बाबांना विचारायला हवं का? विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून विचारत नाहीये. हे लिहून ठेवते, नंतर स्वतःला वेगळं काही सांगायला नको.

२९ जानेवारी, गुरुवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

टोप म्हटल्यावर अख्खी खोली हसली. पाच भोकं दाखवली तेव्हा हसू थांबलं, सगळे पुढे वाकून बघायला लागले. मोठे संचालक म्हणाले, म्हणजे झाकण काढलं की तुमचा सिग्नल एकदाही गेलेला नाही? एकदाही नाही, सर! विश्वजीत सर माझ्याकडे बघून हसले. रिसीव्हर पुढे जाणार. आणखी माणसं मिळणार. बटणाचं मात्र नंतर बघू म्हणाले. ज्यांना पेट्या विकायच्या त्यांना सतत ठिकाण हवं असतं, बटण नको असतं. मी आत्ता भांडले नाही. आज भांडवेना.

गिऱ्हाईक म्हणून एका ट्रॉलरवाल्यालाही बोलावलं होतं, मला आधी माहीत नव्हतं. मुंबईकडचा, बऱ्याच बोटी आहेत त्याच्या. त्यानं माझ्या स्लाइडचा मोबाइलवर फोटो काढला. मला बरंच वाटलं.

बाबांना फोन केला. जागेचं काही बोलले नाही, काम पुढे जाणार एवढंच सांगितलं. "बरा झाला बाय," म्हणाले. आईला फोन देऊन टाकला. फोनवर त्यांना कधीच जमत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

त्या फोटोबद्दल आज भाजी चिरताना एकदम आठवलं. मिरची तशीच टाकून लॅपटॉप उघडला. आकडे नाहीत, नावं नाहीत. नीट आहे सगळं. मग ते चित्र मी बाबांच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. किनाऱ्याचा तो कोपरा. तो वाकडा खळगा. बेटाचा ठिपका.

समुद्रावरच्या माणसाला आकडे लागतात कुठे!

सरांना मेसेज केला – त्या पाहुण्यांना फोटो काढून टाकायला सांगता येईल का? सरांनी अंगठा पाठवला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रणितचा फोन. खडपाच्या कडेनं दोन ट्रॉलर, कालपासून. आज चार. जाळी अगदी खडकाला घासून ओढतायत. बाबांनी बोट लांबच थांबवली, बराच वेळ बघितलं आणि गळ न टाकता परत आणली.

मी विचारलं, बाबा काय म्हणाले? प्रणित म्हणाला, "काय नाय बोलला." मग म्हणाला, "ताई, तू काय दाखवलंस काय कुनाला?"

मी हो म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

सरांना सांगितलं. ते खरंच हादरले. फोन करतो म्हणाले, केलाही. पलीकडचा माणूस म्हणे हसला आणि म्हणाला, समुद्र सगळ्यांचा आहे. सरांनी मला सुट्टी घ्यायला सांगितलं. सुट्टी घेऊन काय करू, सर?

बाकीची चार खडपं वाचली. खोल पाण्यात आहेत, जवळ किनाऱ्याची रेघच नाही, चित्रावरून कोणाला काही कळायचं नाही. फक्त बाबांचं गेलं. सगळ्यात सोप्या जागी होतं ते.

८ फेब्रुवारी, रविवार

मोऱ्याला गेले. वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. बाबांनी विचारलंच नाही. कसं दाखवलंस, कोणाला दाखवलंस, काही नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. आईनं मला वाढलं, प्रणित ताटावरून उठून गेला.

निघताना मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. ते म्हणाले, "तू मुद्दाम केला नाय." आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. धक्क्यावर जगनकाका बोट धूत होते, आज त्यांना चांगली घोळ लागली होती. त्यांनी बाबांना हाक मारली, बाबांनी हात केला, पण गेले नाहीत.

घरी आल्यावर प्रितमनं चहा टाकला. मग म्हणाला, दादाच्या बोटीवर बाबांना बोलवू का? मी म्हटलं, तांडेल माणूस दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होईल? त्यालाही कळलं.

११ फेब्रुवारी

ऑफिसात नवीन दोन मुली आल्या. त्यांना शिकवायचंय. एकीनं विचारलं, मॅडम, जीपीएस फुकट असताना आपण हे का बांधतोय? सगळी उत्तरं पाठ होती. लंचनंतर सांगते म्हटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रणित आता बोलतो थोडं. बाबा रोज बोट काढतात आणि इथे तिथे गळ टाकून रिकामे येतात. जगनकाकांनी आपणहून मासे दिले. बाबांनी घेतले, आईला करायला सांगितले, स्वतः जेवले नाहीत.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबांचा फोन आला. त्यांनी स्वतः लावलेला. मला वाटलं आईला काही झालं.

"बाय, एकटी हायस काय?"

प्रितम दूध आणायला गेला होता. मी म्हटलं, आहे एकटी.

मागे नुसता वारा, धक्क्यावरून बोलत असावेत. मग म्हणाले, "जगनचा खडप तुला दिसतो ना?"

मी सांगितलं. आकड्यांसकट. बाबांनी एकदा म्हणून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं, आणि मी हो म्हणाले.